माझ्या झोपायच्या खोलीतील सामानाबाबत

मी, खाली सही करणारी, फर्निचरवाल्या मिस्त्रींची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे पूर्ण नाव, वय आणि पत्ता वकिलांनी पहिल्या पानावर टंकून घेतला आहे, तो पुन्हा लिहिण्यात शाई घालवत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. खात्री करून घ्यायला डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या सदऱ्याचे एक बटण चुकीच्या काजात गेले आहे हेही सांगितले. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मुलाने थोडा आणून पाहिला, त्याचा उल्लेख त्याच्या जागी येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

वकिलांनी नमुन्याचा कागद दिला होता. त्यात 'सदरहू' इतक्या ठिकाणी होते की वाचता वाचता आपण गेलोच असे वाटू लागले. मी त्यांना म्हणाले, कलमे तुमच्या पद्धतीने घालते, पण कलमाच्या आत काय लिहायचे ते माझे मी बघते. ते म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." जन्मभर थोडक्यातच बोलले आहे. एकदा सविस्तर लिहू द्या.

कलम १ : घर

कारखान्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, जिना, गच्ची आणि खालचा बंद कारखाना हे सर्व माझ्या मुलाला मिळावे. तो एकुलता एक आहे, त्यामुळे वाद घालायला दुसरे कोणी नाही. वाद तो एकटाही घालू शकतो आणि तो गुण बापाचा नव्हे, माझा आहे. जिन्याची एक पायरी हलते. मिस्त्री गावभर लोकांची दारे नीट बसवत फिरले, घरची पायरी राहून गेली. ती दुरुस्त करू नये. कोण वर येते आहे ते तिच्या आवाजावरून कळते.

कलम २ : बँक, बांगड्या, पुस्तके

बँकेत जे असेल ते मुलाचे. मुलगा हिशेबनीस आहे, किती आहे ते त्याला माझ्याआधी ठाऊक असते.

सोन्याच्या दोन बांगड्या सुनेला द्याव्यात. माझ्या थोरल्या बहिणीने त्या एकदा "घालून बघते" म्हणून नेल्या होत्या आणि घालून बघायला तिला वर्ष लागले. बहिणीच्या मुलींपैकी कोणी "मावशीने मला कबूल केल्या होत्या" असे म्हणत दारात आली, तर मावशीने कोणाला काही कबूल केलेले नाही असे इथे लिहून ठेवते.

पुस्तके कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावीत. मात्र गोष्टीच्या पहिल्या पानावर खुनी कोण ते पेन्सिलीने लिहून ठेवणारे जे सभासद आहेत, त्यांना ती देऊ नयेत. ग्रंथपालांना तो माणूस माहीत आहे. मलाही माहीत आहे. तो आमच्याच गल्लीत राहतो.

कलम ३ : हत्यारे

मिस्त्रींचे रंधे, पटाशा, करवती, गुण्या, शिकंजे आणि धार लावायचा दगड पॉलिशवाल्याला मिळावेत. पॉलिशवाला म्हणजे कारखान्यात अखेरपर्यंत टिकलेला एकमेव माणूस. मुलाला यातले काही नको आहे. तो खिळाही चपलेने ठोकतो.

कारखान्याच्या भिंतीवर खुंट्यांना लाकडी पट्ट्या टांगलेल्या आहेत, त्याही पॉलिशवाल्याने न्याव्यात. त्या काय आहेत हे इथे सांगावे लागेल, कारण पुढच्या कलमाचे सगळे गाडे त्यांच्यावर चालते. मिस्त्री पलंग किंवा खुर्ची करायला घेत, तेव्हा आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवत. त्याच्या टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत एक पट्टी उभी धरत आणि तिथे पटाशीने खाच पाडत. आकडा लिहीत नसत. म्हणत, "बसणारा आकड्यावर बसत नाही." ज्याची खाच, त्याच्या उंचीचा पलंग. कडेवर बसले की टाच सपाट टेकली पाहिजे, तरच माणूस उठताना कण्हत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गावातल्या किती तरी लोकांचे गुडघे त्या भिंतीवर आहेत. वाण्याचा आहे, दोन मुख्याध्यापकांचे आहेत, माझ्या बहिणीचाही आहे.

माझा नाही.

कलम ४ : झोपायच्या खोलीतील सामान

या खोलीत एक पलंग, त्याच्या दोन बाजूंना दोन छोटी टेबले, एक खणांचे कपाट आणि गोल आरशाचे एक ड्रेसिंग टेबल आहे. सगळे जुन्या सागाचे, नक्षी कुठेही नाही. खाली निमुळते होत गेलेले तिरके पाय, पायांच्या टोकांना पितळी टोप्या. खणांना मुठी नाहीत, बोटे घालायला एक लांब खोबण आहे. आज याला मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात आणि लोक ते शोधत फिरतात. आले तेव्हा शेजारणी मला विचारत, "मिस्त्रींचं लाकूड संपलं का गं मध्येच?"

माझ्या लग्नाला दुसरे वर्ष लागले होते. माझ्या थोरल्या बहिणीकडे कोरीव डोक्याचा पलंग होता, वर द्राक्षांचे घड, खाली सिंहाचे पंजे. मला तसा हवा होता. नवरा मिस्त्री, मग निदान एक घड तरी जास्त मिळेल असा माझा हिशेब होता. त्याच सुमारास मिस्त्रींना चित्रकलेच्या कॉलेजचे टेबल-खुर्च्यांचे काम मिळाले आणि त्या कामाबरोबर ड्रॉईंगबाई आली.

इथे एक खुलासा करते. कायद्याच्या कागदात माणसाला मानाने लिहावे लागते, म्हणून जिथे देण्याघेण्याची भाषा येईल तिथे मी 'त्या' लिहीन. मधल्या मजकुरात ती 'ती'च राहील.

ती उंच होती. कॉलेजात शिकवायची, लग्न केले नव्हते, कारखान्यात शिरताना दारात मान किंचित वाकवायची. काखेत परदेशी मासिके असायची. कॉलेजचे काम झाले तरी तिचे येणे थांबले नाही, कारण मिस्त्रींनी तिला सांगितले होते की आता मला माझ्या घरची खोली करायची आहे आणि ती अशी करायची आहे. मग ती दोघे निवडत बसली. पायाला तिरकेपणा किती द्यायचा. आरशाला चौकट ठेवायची की नाही. लाकडाची रेघ आडवी घ्यायची की उभी. माझ्या झोपायच्या खोलीचे सामान माझ्या पायाखालच्या मजल्यावर दुसरी बाई निवडत होती आणि मी वरून चहा नेऊन देत होते.

एकदा तिने मला थांबवले. "वहिनी, हा पाय बघा. किती हलका वाटतो ना?"

मी म्हणाले, "हलका आहे तर मोडेल."

दोघे हसले. वाईट हसले नाहीत. पण एकाच क्षणी हसले, एकमेकांकडे न बघता. नवराबायको हसतात तसे. मी कपबशा उचलल्या आणि वर आले.

ती मला वहिनी म्हणते. त्या हिशेबाने ती मिस्त्रींची बहीण लागते. हा हिशेब मी कधी मान्य केला नाही.

वाचणाऱ्याच्या मनात आता जे आले असेल, ते माझ्याही मनात अनेक वर्षे येऊन गेले. तसे काही नव्हते. मी कान टवकारून होते, सासू माझ्याहून जास्त टवकारून होती, तसे असते तर आमच्यापैकी एकीला तरी सापडले असते. आणि सापडले असते तर बरे झाले असते. मी भांडले असते, माहेरी गेले असते, परत आले असते, एखाद्या वर्षात मिटले असते. पण नवऱ्याने परक्या बाईबरोबर खणाची खोबण निवडली, यावर भांडायचे कसे? ते मिटतही नाही.

सामान वर चढवले, तेव्हा मी पलंगाच्या कडेवर बसले. माझे पाय लोंबत राहिले. ड्रेसिंग टेबलापुढे बसले, तर आरशात माझे कपाळ आणि वर भिंत.

"अहो, हे उंच झालंय."

"सवय होईल."

"सवय कशाची? पाय टेकत नाहीत माझे."

मिस्त्रींनी लांब जाऊन पलंगाकडे बघितले, डोळा बारीक केला. "पाय कापले तर सगळा तोल जाईल गं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पायाखाली घ्यायला एक छोटा पाट करून आणला. सुंदर होता. मी त्यावर कुंडी ठेवली. आरशासाठी घडी घातलेल्या गोधडीवर बसू लागले आणि अजूनही बसते. गिऱ्हाइकाच्या गुडघ्याला पट्टी लावल्याशिवाय जो माणूस रंध्याला हात लावत नव्हता, त्याने माझा गुडघा मोजला नाही. मग हा पलंग कोणाच्या गुडघ्याचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

वाचायला मी यातूनच शिकले. शाळा माझी फार लवकर सुटली होती, दुकानांच्या पाट्या तेवढ्या लागायच्या. तिची मासिके खाली पडलेली असायची. चित्रे मला दिसत, चित्रांखालच्या ओळी वाचता येत नसत. ती दोघे त्या ओळी वाचून माना डोलवत. मी ठरवले, त्यात काय आहे ते मला कळलेच पाहिजे. दवाखान्यात बसून जुनी वर्तमानपत्रे वाचली, मग वाचनालय धरले, मग शब्दकोश घेऊन परकी भाषा धरली. ज्या दिवशी त्या ओळी लागल्या, त्या दिवशी कळले की त्यात लिहिले आहे : 'पलंगाशेजारचे टेबल. साग. पितळी टोके.' इतकेच. एवढी वर्षे पोटात दुखत होते ते टेबलासाठी. पण तोपर्यंत मला वाचनाची चटक लागली होती आणि ती पोटदुखीपेक्षा बरी निघाली.

मिस्त्री याच पलंगावर गेले, तीन वर्षांपूर्वी, दुपारी, खिडकीच्या बाजूला. शेवटच्या दिवसांत ते फार बोलत नसत. पडल्या पडल्या अंगठ्याने पलंगाच्या कडेचा सांधा चाचपत असत. एकदा म्हणाले, "सुटला नाही बघ अजून." मी त्यांचा दुसरा हात धरून बसले होते. आणि तेव्हासुद्धा, देव मला क्षमा करो अगर न करो, माझ्या मनात आले की हा अंगठा कोणाची आठवण चाचपतो आहे. विचारले नाही. ते गेल्यावर मी त्यांच्या बाजूला झोपून पाहिले, जमले नाही. माझ्या बाजूलाच झोपते. पाठ खिडकीकडे असते. सकाळी उठले की पाय लोंबायचे, मग जमिनीवर उडी घ्यायचे. या वयात उडी.

मुलाने आणि सुनेने मागच्या वर्षी आपली खोली नव्याने करायला घेतली. सून माझी उंच आहे, मनाने सरळ आहे, एका गोष्टीत मात्र तिला कळत नाही : जुन्या वस्तूंत राहणाऱ्यांना त्या जुन्या वाटत नाहीत. मोबाइल माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, "आई, हे बघा, मिड-सेंच्युरी! लोक लाखो देतात. आणि तुमच्याकडे अख्खा सेट आहे!"

"मिड म्हणजे?"

"मधलं. गेल्या शतकाच्या मधलं."

"म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळचं. मग तसं म्हण ना."

तिने मला फर्निचरच्या मोठ्या दुकानात नेले. लांबच लांब दालन, पलंगच पलंग, प्रत्येकावर न झोपलेल्या उशा. "आई, आज तुम्ही निवडा. अगदी तुम्हाला आवडेल तो." मला असे कोणी कधी म्हटले नव्हते, त्यामुळे मी ते मनावर घेतले. कोरीव पलंग एका बाजूला होते. द्राक्षांचे घड होते, पंजे होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ते माझ्या अंगावर आले. किती धूळ बसेल, असे वाटले. पुढे गेले. मखमली डोक्याचे सोडले, खालून दिवे लागणारे सोडले. शेवटी एका पलंगापाशी पाय थांबले. साधे लाकूड, आडवी रेघ, तिरके पाय. हात आपोआप कडेवर गेला.

सुनेने टाळीच वाजवली. "अहो आई, हा तर आपल्या घरातलाच!"

आयुष्यात एकदा निवडायला मिळाले आणि मी ड्रॉईंगबाईचीच निवड निवडली. माझा नवरा तिच्या डोळ्यांनी बघायचा, ते मी सोसले. आता माझे डोळेही तिचे निघाले.

त्या पलंगावर बसून पाहिले. पाय लोंबले. टाय लावलेला विक्रेता म्हणाला, "आजी, हे स्टँडर्ड माप आहे."

"कोणाच्या गुडघ्याचं?"

तो सुनेकडे बघू लागला.

यानंतर सुनेने जे केले ते चांगल्या हेतूने केले. आमच्या सामानाचे फोटो काढून ती कॉलेजात विचारायला गेली. तिथे तिला सांगितले की याची माहिती एकाच बाईंना असेल, त्या निवृत्त आहेत, अमुक ठिकाणी राहतात. सुनेने तिला घरी बोलावले. मला नंतर सांगितले. कधी, तर पायरी वाजल्यावर.

ड्रॉईंगबाई आता काठी घेऊन चालते, तरी माझ्याहून उंचच आहे. मिस्त्री गेले तेव्हा ती आली नव्हती, कोणी कळवलेच नव्हते. मी कळवले नव्हते. झोपायच्या खोलीच्या दारात ती थबकली. तेव्हा माझ्या लक्षात आले की तिने हे सामान या खोलीत कधी पाहिलेच नव्हते. तुकड्या-तुकड्याने निवडले, खाली बघितले, वर गेले ते संपले.

"बसू का?" तिने विचारले.

"बसा. तुमचंच आहे," मी म्हणाले. हे टोचायलाच म्हटले होते.

ती ड्रेसिंग टेबलापुढे बसली. गोल आरशात तिचा चेहरा बरोबर मध्ये आला, काटेकोर, चित्र चौकटीत लावावे तसा. मागे उभ्या असलेल्या माझे त्यात काहीच दिसत नव्हते. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. टाचा सपाट टेकल्या.

"मापासाठी मिस्त्री मला बसवायचे," ती आपणहून म्हणाली. "मी म्हटलं होतं, वहिनींना बोलवा. तर म्हणाले, ती वर कामात असते."

"कामात होते," मी म्हणाले. "तुमचा चहा करत होते."

सून खिडकीबाहेर बघू लागली. ड्रॉईंगबाईने पलंगाच्या कडेवरून हात फिरवला. "मी जन्मभर लोखंडी खाटेवर झोपले, वहिनी. भाड्याची खोली, काय करायचं सामान. मनासारखं निवडलेलं असं माझं एवढंच. आणि ते तुमच्याकडे. मला फार वाटायचं कधी कधी."

काय वाटायचे ते तिने सांगितले नाही. मला कळले. ती गोष्ट मी ओळखते, तिच्याबरोबर राहिले आहे. खोटे कशाला लिहू, मला आनंद झाला. चांगला पोटभर आनंद झाला. इतकी वर्षे मला वाटत होते की जळणारी मी एकटी.

पण ती त्यासाठी आली नव्हती. कॉलेजच्या मोठ्या दालनात जुन्या काळचे नमुने मांडणार होते. आमचे सामान त्यांना हवे होते, सगळे, मुख्यतः पलंग. भोवती दोरी लावणार आणि भिंतीवर पाटी : कल्पना आणि निवड अमुक, कारागीर अमुक. तिचे आणि मिस्त्रींचे नाव शेजारी शेजारी, कायमचे. "माझ्या हयातीत नाही," मी म्हणाले. ती म्हणाली, "मग नंतर. तुम्ही लिहून ठेवा." मृत्युपत्राचा विषय घरात त्या दिवशी निघाला.

मुलाने पिच्छा पुरवला. "आई, बाबांचं नाव भिंतीवर लागेल. इतकं काम केलं त्यांनी, कोणाला माहितीये आज?"

हे खरे होते, आणि तेच मला झोपू देत नव्हते. मिस्त्रींचे नाव मागे राहावे असे मला त्याच्याहून जास्त वाटते. त्यांनी केलेल्या दारांतून लोक रोज जातात-येतात आणि कोणाला ठाऊक नाही. पण नाव राहायचे तर तिच्या शेजारी राहायचे.

मी मुलाला विचारले, "आणि माझं नाव?"

"तुझं कशाला? तू काय केलंस त्यात?"

तो वाईट मनाने बोलला नाही. हिशेबनीस आहे, नोंद दिसली नाही म्हणून विचारले. सुनेने त्याला असा चिमटा काढला की तो हात चोळत स्वयंपाकघरात गेला. त्या दिवसापासून मी काय केले याचा विचार करत राहिले. मी झोपले. चादरी बदलल्या. याच पलंगावर मुलाला जन्म दिला, तो मुलगा मला विचारतो आहे. मिस्त्रींना उताणे, कुशीवर, पुन्हा उताणे केले. या कशालाच पाटी लागत नाही. आणि पलंग दोरीमागे गेला की तो माझा कधी नव्हताच, हे पक्के होणार.

या महिन्याच्या सुरुवातीला मी पॉलिशवाल्याला बोलावले आणि येताना मिस्त्रींची बारीक दातांची करवत खालून घेऊन यायला सांगितले.

"वहिनी, काय कापायचंय?"

"पलंगाचे पाय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "डोकं फिरलं का तुमचं? मिस्त्रींनी एकेक पाय हाताने उतरवलाय. त्या कॉलेजवाल्यांना कळलं तर ते हातही लावणार नाहीत याला."

"म्हणूनच."

"मिस्त्री वरून शिव्या घालतील मला."

"घालू देत. तीन वर्षं झाली त्यांचा आवाज ऐकून."

यावर त्याने करवतीची धार अंगठ्याने पाहिली. मग म्हणाला, "किती कापू?" मी म्हणाले, मला कसे कळणार, तुमच्या कारखान्याची पद्धत आहे ना काहीतरी. त्याने मला स्टुलावर बसवले. एक नवी पट्टी घेतली, खाली गुडघ्यांवर बसला, माझी टाच हाताने सपाट केली आणि पट्टी उभी धरली. गुडघ्यामागे लाकडाचा गार स्पर्श झाला. मिस्त्रीची बायको म्हणून एवढे आयुष्य काढले आणि माप त्या दिवशी दिले. पटाशीने खाच पाडताना त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, भुसा गेला. अजून करवत लावायची होती.

चारही पाय कापले. खोलीभर सागाच्या भुशाचा वास झाला, म्हणजे मिस्त्री कारखान्यातून वर आल्यावर त्यांच्या मानेला यायचा तो. मी खिडकी लावून घेतली, जाऊ नये म्हणून. पॉलिशवाला गेल्यावर कडेवर बसले. टाचा टेकल्या. मग मी रडले, पुरेसे रडले, आणि उठताना कण्हले नाही.

ड्रॉईंगबाईला मीच फोन केला. मागून कळण्यापेक्षा तोंडावर बरे.

"काय केलंत हे, वहिनी! सगळा तोल गेला असेल त्याचा."

"गेला," मी म्हणाले. "लांबून बघितलं की कळतं. मी लांबून बघत नाही."

तिने फोन ठेवला असे वाटले. मग हळू विचारले, "किती कापलं?"

"चार बोटं."

"बरं," ती म्हणाली.

कलम ५ : वरील सामानाची व्यवस्था

खणांचे कपाट, दोन छोटी टेबले आणि गोल आरशाचे ड्रेसिंग टेबल माझ्या पश्चात कॉलेजला द्यावे. ते जसे केले तसे आहे, मी त्याला धक्का लावलेला नाही. पाटीवर ड्रॉईंगबाईंचे आणि मिस्त्रींचे नाव शेजारी शेजारी लागावे. मिस्त्रींच्या नावाचे अक्षर बारीक नसावे. माझे नाव घालू नये. कोणी आग्रह केला तरी घालू नये, पाटीपुरते मी काही केलेले नाही हे मुलाचे म्हणणे बरोबर आहे.

पलंग कॉलेजला देऊ नये. तो सुनेला मिळावा. मुलाने त्यावर झोपावे, पण मालकी तिची. तो दोरीमागे, काचेमागे किंवा माळ्यावर जाऊ नये, त्यावर झोपले जावे. सून उंच असल्यामुळे तिला तो ठेंगणा वाटेल. तिने पायांखाली खुशाल ठोकळे लावावेत, पण आधी पॉलिशवाल्याकडून स्वतःच्या गुडघ्याला पट्टी लावून घ्यावी आणि तेवढेच लावावेत. कोणत्याही बाईंचा सल्ला घेऊ नये. मोबाइलचाही घेऊ नये.

कुंडीखालचा पाट माझ्याबरोबर द्यावा. कुठे द्यावा ते मुलाने बघावे. तो मी कधी वापरला नाही, पण मिस्त्रींनी तो एकट्याने केला होता.

कलम ६ : अखेरचे

पलंगाच्या पायांचे कापलेले चार तुकडे, पितळी टोप्यांसह, माझ्या उशाशी कापडात बांधून ठेवले आहेत. ते ड्रॉईंगबाईंना त्यांच्या घरी नेऊन द्यावेत. पॉलिशवाल्याने स्वतः न्यावेत. टपालाने पाठवू नयेत. त्या माझ्याआधी गेल्या, तर ते तुकडे जाळावेत, दुसऱ्या कोणाला देऊ नयेत.

त्या माझ्यापेक्षा केवढ्या मोठ्या आहेत, हे मला जन्मभर कळत नव्हते आणि न कळल्यामुळे ते वाढतच गेले. आता ते मोजून झाले आहे. चार बोटे. तेवढे त्यांचे माझ्या घरात राहिले होते, ते त्यांना परत करत आहे. बाकीचा पलंग माझा होता.

ज्यांना या मृत्युपत्राने काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून मुलगा, सून, पॉलिशवाला आणि ड्रॉईंगबाई यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत. खाली सही करणाऱ्या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. तसे त्यांना आधीच सांगितले आहे आणि तरीही ते आले आहेत. त्यांनी मला सही करताना आणि मी त्यांना सही करताना पाहिले. मजकूर मी त्यांना वाचून दाखवलेला नाही. शिंपीणबाईंनी फार विचारले.

अंमलबजावणी वकिलांनी करावी.

सही : (मिस्त्रींची बायको, स्वतःच्या अक्षरात)

साक्षीदार पहिले : डॉक्टर. बटण आज बरोबर आहे.
साक्षीदार दुसऱ्या : समोरच्या घरातील शिंपीणबाई

तारीख : वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच
ठिकाण : माझी झोपायची खोली